खाट नंबर तीन

मंडळाच्या मागच्या खोलीत, दत्ताच्या पाठीशी,
चार कुबड्या, दोन चाकांच्या खुर्च्या,
हवेची गादी एक, ठिगळ लावलेली,
आणि खाटा तीन.
रजिस्टर माझ्याकडे असतं.

एजी ऑफिसात छत्तीस वर्षं
मी लाल शाईने दुसऱ्यांच्या हिशेबांवर आक्षेप काढले.
इथे शाई निळी, रकाने पाच:
नाव, पत्ता, नेली, अनामत, परत.
'का परत' हा रकाना नाही.
सुरुवातीला मी आखला होता.
कस्तुरे म्हणाले, खोडा. मी खोडला.
पान उजेडाला धरलं तर अजून दिसतो.

तीन नंबर सगळ्यांत जुनी.
दौलतगंजातून माधवगंजात जाताना
उशाकडचं हँडल टेम्पोतून कुठेतरी पडलं,
तेव्हापासून रफीक वेल्डरने वाकवून दिलेली सळई.
पैसे घेतले नाहीत त्याने.
पुढच्या थंडीत त्याच्याच अम्मीसाठी गेली खाट.
नाव: हमीदन बी. पत्ता: मशिदीमागे.
अनामत: माफ.

उशाच्या पत्र्यावर तेलरंगात
'कै. गंगूताई कस्तुरे यांच्या स्मरणार्थ'.
मुळ्ये वकील आजारातही वकीलच.
म्हणाले, डोक्याशी कैलासवासी घेऊन
मी झोपणार नाही, आधी ते काढा.
काढणार कसं? आईच्या नावाने दिलेली वस्तू.
मग पांढरी चिकटपट्टी आणली.
खाट निघाली की मी गंगूताईंना झाकतो,
आली की उघडतो.
मुळ्ये दीड महिन्याने स्वतः चालत आले
आणि अनामतीचे पाचशे मोजून घेतले. दोनदा.

बाकीचे बहुधा नेत नाहीत.
गुरुवारी आरतीला येतात, नोट पेटीत टाकतात,
मागे खांबाशी उभे राहतात.
कापूर फिरतो तेव्हा मी चेहरे बघतो:
हिची सासू अडीच महिने,
ह्याचा भाऊ एकोणीस दिवस,
त्या मुलाचे वडील फक्त एक रात्र.
एकाच खाटेवर निजलेल्यांची ही माणसं
एकमेकांना ओळखत नाहीत.
खिचडीचा द्रोण तेवढा पुढे सरकवतात.

आमच्याकडे आली जानेवारीत.
धुकं एवढं, की ई-रिक्षावाला
एका हाताने भिंत चाचपत गल्लीत शिरला.
नाव: सौ. शरयू. पत्ता लिहिताना
माझंच घर मला क्षणभर आठवेना.
पाचशे मीच दिले, मीच घेतले,
पावती मीच फाडली, मलाच दिली.
पट्टी लावायला गेलो तर म्हणाली,
राहू द्या. गंगूताईंच्या हातचा साखरांबा खाल्लाय मी.
रात्री कोणीतरी ओळखीचं असू दे उशाशी.

माघात खाट मंडळात पोचली.
रकाना मी सतरा दिवस कोरा ठेवला.
असा कोरा रकाना
आयुष्यात कोणाला माफ केला नव्हता.
कस्तुरे रोज यायचे, रजिस्टर उघडायचे,
चष्मा पुसायचे,
पान उलटून दत्तापुढची समई नीट करायला जायचे.
समई नीटच असायची.

काल हजिऱ्याहून फोन.
रामरती कुशवाह, अंगणात घसरली, कमरेचं हाड.
"बाबूजी, खाट है क्या? पैसा कितना लगेगा?"
म्हटलं, है. आ जाओ.
पण रजिस्टरात न आलेली वस्तू
बाहेर जाऊ शकत नाही, हे मला कोणी शिकवायला नको.
तारीख टाकली. निळ्या शाईने.
मग सळईला तेल घातलं, फिरवून पाहिली.
पाठ कुरकुरत वर आली,
खाली गेली.

मुलगा आला, वीस-बावीसचा, बुटांना चिखल.
मी भेंडोळ्यातून वीतभर पट्टी काढली
आणि पहिल्यांदाच विचारलं,
"नाम ढकना है, कि रहने दें?"
"किसका नाम?"
तो वाकला, पत्र्यावरून बोट फिरवत
एकेक अक्षर लावून वाचू लागला.